रूम विकू नका, आधी इंजिनीअर बोलवा

आदरणीय ताई,

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. आमचे हे माथाडीत होते, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला टोळीत. चार वर्षांपूर्वी साठाव्या वर्षी रिटायर झाले. गाव पाटण तालुक्यात. वर्ष झालं, हे पहाटे तीनला उठून मोबाइल बघत बसतात. एक भटका ग्रह पृथ्वीकडे येतोय, त्याच्या ओढीने जमीन फाटायला लागलीय, सरकारला ठाऊक आहे पण सांगत नाही, असं त्यात दाखवतात. आफ्रिकेत जमिनीला पडलेली भेग, कुठल्याशा शहरात भर रस्त्यात पडलेला विहिरीसारखा गोल खड्डा, असले व्हिडिओ. मी आधी लक्ष दिलं नाही. पण या पावसाळ्यात आमच्या कंपाउंडमधले पेव्हर ब्लॉक भिंतीलगत वीतभर खचले, भिंत आणि फरशीच्या मधे बोट जाईल एवढी भेग पडली, गटाराचं चेंबर एका अंगाला कललं. कधीकधी धडाम् आवाज येतो, मांडणीवरची भांडी वाजतात. ह्यांचं म्हणणं, हीच ती खूण.

आता एजंटला सांगून ठेवलंय. रूम विकायची, एफडी मोडायची आणि शिमग्याच्या आत गावाला डोंगरात जाऊन राहायचं. धाकटीचं लग्न ठरत आलंय, तर म्हणतात हॉल कशाला बुक करता. मुलगा ओरडतो, बाप येडा झालाय म्हणतो. दोघांचं बोलणं बंद आहे. नात चौथीत आहे. परवा रात्री उठून मला विचारते, आजी, आपण सगळे मरणार का? हे माणूस वाईट नाहीत, ताई. कुणाचा रुपया बुडवला नाही, दारू नाही. लहानपणी कोयनेचा भूकंप बघितलाय, तेव्हापासून मनाने हळवे आहेत. ह्यात खरं काही आहे का? रूम विकू द्यावी का? आणि पोरीला काय सांगू?

कोपरखैरण्याची एक बहीण

——

वहिनी,

असा कोणताही ग्रह येत नाही. रूम विकू देऊ नका. ही दोन उत्तरं आधी देते, म्हणजे पुढचं सावकाश वाचता येईल.

एजंटकडून टोकन म्हणून एक रुपयाही कुणी घेणार नाही, एवढं आज घरात ठरवून टाका. रूम दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या सहीशिवाय ती पूर्ण विकली जात नाही. एकट्या त्यांच्या नावावर असेल तर मुलगा, मुलगी आणि तुम्ही मिळून त्यांच्याकडून एकच शब्द घ्या: सोसायटीच्या इमारतीचा तपासणी अहवाल हातात येईपर्यंत व्यवहार नाही. हा अहवाल त्यांना टोलवण्यासाठी सुचवत नाही. तो तुम्हाला खरंच लागणार आहे.

कारण भाऊंनी पाहिलेली भेग खरी आहे. घरात कुणीतरी त्यांना हे एकदा स्पष्ट म्हणायला हवं. फरशी खचली, चेंबर कललं, भांडी वाजली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. मुलगा ‘येडा’ म्हणतो तेव्हा भाऊंना ऐकू येतं की तुम्ही पाहिलेलंच खोटं आहे. मग ज्या व्हिडिओत कुणीतरी म्हणतं की तुम्ही बरोबर पाहताय, तिकडे माणूस ओढला जाणारच. जमीन हलली हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. कुणी हलवली, तेवढं चुकलंय. आणि मला काळजी याची वाटते की सगळं घर ग्रहावर भांडत बसलंय आणि त्या चेंबरकडे कुणीच बघत नाही.

तुम्ही राहता तो पट्टा पारसिकच्या डोंगररांगेपासून ठाणे खाडीकडे उतरत जातो. ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला काळा खडक वरच लागतो. खाडीच्या अंगाला पन्नास-साठ वर्षांपूर्वी भातखाचरं, मिठागरं आणि तिवरांचा चिखल होता. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि त्यानंतर या सखल जमिनीवर भराव टाकून सेक्टर आखले गेले. भरावाखाली खाडीची मऊ, काळपट, पाण्याने भरलेली माती काही ठिकाणी कित्येक मीटर जाडीची आहे. वर वजन आलं की तिच्यातलं पाणी फार सावकाश बाहेर पडतं आणि थर दबत जातो. हे वर्षानुवर्षं चालतं. भाऊंना पोत्याच्या भाषेत सांगा, लगेच पटेल: सैल भरलेलं पोतं थप्पीच्या तळाला गेलं की वरच्या वजनाने ते बसत जातं.

इमारत मात्र फरशीइतकी खचत नाही. तिचा पाया कंपाउंडच्या फरशीपेक्षा कितीतरी खोल असतो. अशा जमिनीत पुष्कळदा पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, घालून तो खालच्या कठीण थरावर टेकवलेला असतो. म्हणजे भिंत जागेवर आणि तिच्या शेजारची फरशी खाली चाललेली. दोघींची फारकत दिसते ती बरोबर भिंतीलगत, तुम्ही लिहिलीय तिथेच. नवी मुंबईत खाडीच्या बाजूच्या सोसायट्यांमधून एक फेरी मारा. जिन्याची खालची पायरी आणि फरशी यांच्यात मागून सिमेंटने भरलेली फट तुम्हाला पुष्कळ ठिकाणी दिसेल.

चेंबरचं मात्र मला वेगळं वाटतं. ते एका अंगाला कललंय, म्हणजे त्याच्याखालची माती एकाच बाजूने गेलीय. सांडपाण्याची किंवा पावसाळी गटाराची लाइन सांध्यात फुटली की पाणी आजूबाजूची बारीक माती रोज थोडी थोडी धुऊन नेतं. वर फरशी शाबूत दिसते आणि आत पोकळी तयार होते. एखाद्या जोराच्या पावसात ती बसते. पोकळी असेल तर तिच्यावरून मुलं सायकली नेतात, पाण्याचा टँकर जातो. म्हणून आज संध्याकाळीच सेक्रेटरीला सांगून त्या भागाभोवती दोरी बांधायला लावा आणि लाइन तपासायला प्लंबर बोलवा.

भाऊ बघतात त्या व्हिडिओतला गोल खड्डा बहुधा ग्वाटेमाला सिटीतला असावा. २०१० च्या मे महिन्याच्या शेवटी वादळी पावसात तिथे रस्त्यात प्रचंड खड्डा पडला आणि त्याने तीन मजली कारखाना गिळला. ते शहर ज्वालामुखीच्या सैल राखेवर वसलेलं आहे. गळक्या सांडपाण्याच्या लाइनींनी ती राख आतून वाहून नेली होती. म्हणजे जगभर फिरणाऱ्या त्या भयंकर खड्ड्याचं आणि तुमच्या चेंबरचं कारण बहुतेक एकाच जातीचं आहे, फक्त तिथली माती कैकपट ठिसूळ. आफ्रिकेतली भेग केनियातली, मार्च २०१८ मधली. तिथे जमिनीचे दोन मोठे तुकडे वर्षाला काही मिलिमीटर या वेगाने एकमेकांपासून दूर जात आहेत हे खरं आहे. पण त्या आठवड्यात भेग उघडी पडली ती मुसळधार पावसाने तिच्यात भरलेली राख धुऊन नेली म्हणून. दोन्ही व्हिडिओ खरे आहेत. त्यांच्यावर मागून लावलेला आवाज खोटं बोलतो.

आता इमारतीचं. भेग फक्त फरशीत आहे की खांब-तुळयांपर्यंत गेलीय, हा खरा प्रश्न आहे आणि तो भाऊंनाच विचारायला लावा. आयुष्यभर वजनाशी खेळलेला माणूस आहे, त्यांची नजर चांगली असणार. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्यात का? पूर्वी सहज लागणारी दारं आता अडकतात का? तळमजल्यावरच्या खांबांचं प्लास्टर फुगलंय, आतली सळई गंजून दिसते का? भिंतीवरच्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काच तडकली तर भेग वाढतेय, काही महिने शाबूत राहिली तर ती थांबलेली आहे. इंजिनीअर लोक ही युक्ती फार पूर्वीपासून वापरतात. भाऊंना रोज पहाटे काहीतरी बघायचंच असेल तर त्यांनी ही काच बघावी.

काचेवर भागणार नाही, स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्याच. इमारतीला तीस वर्षं झाली की महापालिकेच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी बंधनकारक आहे, आणि कोपरखैरण्यातल्या बऱ्याच इमारती आता त्या वयाच्या आहेत. खर्चावरून सभेत कटकट होईल. होऊ द्या. भाऊंनी स्वतः उठून मागणी करावी असं मला मनापासून वाटतं. वर्षभर ते जो धोका एकट्याने उरावर घेऊन बसलेत, त्यातला जो भाग खरा आहे तो चारचौघांसमोर मांडायला त्यांना जागा मिळेल.

आवाजाचंही तसंच. तुमच्याकडून कारणं फार लांब शोधावी लागत नाहीत. बुलेट ट्रेनचा घणसोली ते शिळफाटा हा सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खडकात सुरुंग लावून काढला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची दोन तोंडं एकमेकांना मिळाली. त्याशिवाय जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत, पाइलिंगची यंत्रं दणादण ठोकताहेत, ठाणे-बेलापूर रोडवरून रात्रभर कंटेनर जाताहेत. तुमची भांडी यांतल्या नेमक्या कशाने वाजली हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण शोधायचा मार्ग सोपा आहे. आवाज झाला की घड्याळ बघून वहीत वेळ लिहा. केंद्र सरकारचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र देशातल्या भूकंपांची यादी वेळेसकट जाहीर करतं; त्यांचं ‘भूकंप’ (BhooKamp) नावाचं ॲपही आहे. वहीतली वेळ यादीत सापडली तर तो भूकंप. नाही सापडली तर आसपासच्या कामांची चौकशी करायची.

भूकंप इथे होतच नाहीत असं मी मुळीच म्हणणार नाही. खोटा धीर देणं मला पटत नाही, आणि भाऊ तो ओळखतील. २००२ च्या भूकंपक्षेत्राच्या नकाशात ठाणे जिल्हा झोन तीनमध्ये आहे, म्हणजे मध्यम धोक्याचा. शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या परिसरात १९८३ मध्ये धक्के बसले होते. पालघरमध्ये डहाणू-तलासरीच्या भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिकाच लागली आणि धुंदलवाडीच्या आसपासच्या लोकांनी थंडीत तंबूंमध्ये रात्री काढल्या. तेव्हा शास्त्रज्ञांनी तिथे यंत्रं बसवली आणि खाली किती खोलीवर खडक सरकतोय ते मोजलं. भूकंपाची तारीख कुणी सांगू शकत नाही. व्हिडिओवालाही नाही, विद्यापीठातला प्राध्यापकही नाही. तयारी मात्र करता येते. कपाटं भिंतीला ठोकून घ्या, पलंगाच्या डोक्याशी जड सामान ठेवू नका, गॅसचा नॉब कुठे ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, धक्का बसला तर भक्कम टेबलाखाली शिरायचं, लिफ्टने उतरायचं नाही आणि हादरे थांबल्यावर मोकळ्या मैदानात जायचं. हे एका रविवारी करून टाका आणि भाऊंना पुढे करा.

आता त्या ग्रहाकडे येते. भाऊंना पटण्यासारखी गोष्ट कुठल्या मोठ्या दुर्बिणीत शोधायला नको, ती खाडीवर आहे. कोपरखैरणे गावातल्या एखाद्या जुन्या आगरी किंवा कोळी माणसाला भरतीची वेळ विचारा. तो तिथी विचारेल आणि तिची पाऊणपट करून तास सांगेल. चतुर्थीला तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमाराला, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. खाडीत आत पाणी चढायला थोडा उशीर लागतो, एवढाच फरक. हा हिशेब पिढ्यानपिढ्या चालत आलाय, कारण भरती चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने येते आणि दोघांचं वेळापत्रक ठरलेलं आहे. जमीन फाडण्याएवढी ओढ असलेला तिसरा कुणी आकाशात आला, तर सगळ्यात आधी हा हिशेब कोसळेल. भलत्या वेळी पाणी चढेल, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत उधाण येईल, वाशीच्या खाडीत होड्या भलत्याच वेळी चिखलात रुततील. असं काही झालंय का, ते भाऊंनी जाऊन विचारावं.

याच्या मागचं गणित मला फार सुंदर वाटतं, म्हणून सांगते. भरती घडवणारा जोर अंतराच्या घनाप्रमाणे कमी होतो. अंतर दुप्पट झालं की जोर आठपट कमी. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. पृथ्वीएवढा ग्रह, म्हणजे चंद्राच्या एक्क्याऐंशीपट वजनाचा, आणला तरी चंद्राएवढी भरती घडवायला तो साधारण १६-१७ लाख किलोमीटरपर्यंत यावा लागेल. तिथून तो आकाशात जवळजवळ चंद्राएवढा दिसेल. गुरूएवढा राक्षस आणला तर त्याला सव्वा कोटी किलोमीटरच्या आत यावं लागेल, आणि तो चंद्रापेक्षाही मोठा दिसेल. म्हणजे चंद्रासारखी ओढ लावू शकणारा ग्रह चंद्राइतका ठसठशीत दिसल्याशिवाय राहत नाही. कोपरखैरण्याच्या गच्चीवरून तो लपणार कसा?

आणि चंद्र-सूर्य पाण्यासारखी जमीनही ओढतात बरं का. पायाखालची घट्ट जमीन त्यांच्या ओढीने रोज दोनदा सावकाश वर उचलली जाते आणि खाली बसते, काही वेळा फूटभरही. सगळा मुलूख एकत्र उचलला जातो म्हणून आपल्याला कळतही नाही आणि एकही फरशी तडकत नाही. मग दिसतसुद्धा नाही इतक्या लांबचा ग्रह तुमच्या सोसायटीच्या भिंतीलगतची वीतभर पट्टी तेवढी खाली दाबेल, हे कसं व्हावं?

‘तो सूर्यामागे लपलाय’ असंही त्या व्हिडिओत म्हणत असतील. पृथ्वी वर्षभरात सूर्याला फेरी घालते. आज जे सूर्याच्या पाठीमागे आहे ते सहा महिन्यांनी रात्रीच्या आकाशात समोर येतं. शिमग्यापर्यंत पोचायचं तर तो ग्रह एव्हाना गुरूच्या अंतरावर किंवा त्याहून अलीकडे असायला हवा. गुरू तर आपल्याला साध्या डोळ्यांनी लखलखीत दिसतो. वांगणी-नेरळकडे अमावास्येच्या रात्री आकाश बघायला जाणारी कॉलेजची पोरं, शिक्षक, बँकेतले कारकून स्वतःच्या दुर्बिणी घेऊन बसलेले असतात. त्यांच्या तोंडाला कुठलं सरकार कुलूप घालणार? नासाच्या वाइज या उपग्रहाने सगळं आकाश उष्णतेच्या प्रकाशात, म्हणजे अवरक्त किरणांत, पिंजून काढलं. त्यावरून २०१४ मध्ये जाहीर झालं की पृथ्वी-सूर्य अंतराच्या दहा हजारपट अंतरापर्यंत शनीएवढं काहीही दडलेलं नाही.

तारखांचा इतिहासही भाऊंना ठाऊक असू दे, पण तोंडावर फेकून मारू नका. अमेरिकेतल्या नॅन्सी लीडर या बाईंनी १९९५ च्या सुमारास, परग्रहवासी आपल्याशी बोलतात असं सांगत हा ग्रह मे २००३ मध्ये येणार म्हणून जाहीर केलं. आला नाही. मग त्याला निबिरू हे नाव आणि माया संस्कृतीचं कॅलेंडर जोडून २१ डिसेंबर २०१२ ही तारीख आली. तेव्हा जगभरातली घाबरलेली शाळकरी मुलं नासातले खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन यांना प्रश्न पाठवत होती. नंतर २३ सप्टेंबर २०१७. प्रत्येक वेळी तारीख गेली आणि पुढची दिली गेली. म्हणून ‘शिमगा जाऊ द्या, मग बघू’ असं म्हणत थांबण्याचा उपयोग नाही. शिमगा गेला की कुणीतरी गणपतीचा मुहूर्त काढेल. कुठल्याही ताऱ्याभोवती न फिरणारे भटके ग्रह अवकाशात खरंच असतात आणि शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करतात. हा खरा शब्द उचलून त्याला भीती चिकटवली की व्हिडिओ चालतो. एक चौकशी मात्र हळूच करून घ्या: भाऊंनी कुठे पैसे भरलेत का? सुरक्षित जागेत वाटा, पूजा, सामानाची पेटी, सभासद फी, काहीही.

वहिनी, तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती तुम्ही ओझरती लिहिलीय. लहानपणी कोयनेचा भूकंप बघितलाय.

तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पहाटेचे चार वाजून गेले होते. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, आजूबाजूच्या गावांत घरंच्या घरं बसली. भाऊ तेव्हा पाच-सहा वर्षांचे असतील. धक्के पुढे कित्येक आठवडे येत राहिले आणि लोक डिसेंबरच्या थंडीत उघड्यावर झोपत होते. त्या वयाच्या पोराला कुणी समजावून सांगितलं असेल की हे काय झालं? बहुतेक नाही. घर सावरायचं, गुरं बघायची, मेलेल्यांचं करायचं, यात मोठी माणसं बुडालेली. पुढे मुंबई, पुढे मार्केट. मार्केटचं काम रात्री-पहाटेचं, म्हणजे चाळीस वर्षं त्या वेळी अंगावर पोती होती. आता पहाटे तीनला शरीर सवयीने जागं होतं आणि हातात काम नाही. ज्या प्रहराला लहानपणी जमीन हलली, त्याच प्रहराला हा माणूस अंधारात एकटा बसून जमीन फाटल्याची चित्रं बघतो. मी डॉक्टर नाही, पण मला हे वेड वाटत नाही. कधीच कुणाला न सांगितलेली गोष्ट वाटते.

त्यांना विचारा. वादाच्या भरात नको. सकाळी चहा घेताना, नात शाळेत गेल्यावर. त्या रात्री घरात कोण कोण होतं, तुम्हाला कुणी उचलून बाहेर आणलं, कुठे झोपलात, काय खाल्लंत. मधे बोलू नका. मुलालाही बसवा, त्याने हे कधी ऐकलं नसणार. ऐकल्यावर बाप येडा झालाय असं त्याच्या तोंडून पुन्हा निघेल असं मला वाटत नाही. बोलणं त्यानेच आधी सुरू करावं. धाकटा आहे, त्यात कमीपणा नाही.

गावाला जाण्याचा बेतही याच ओघात बोला. त्याच २००२ च्या नकाशात पाटण आणि कोयनेचा परिसर झोन चारमध्ये आहे, ठाण्यापेक्षा वरच्या धोक्यात. भूकंपाच्या भीतीने नवी मुंबई सोडून ते कोयनेच्या कुशीत निघालेत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातच आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. गावाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. शेत असेल, भाऊबंद असतील, मन रमत असेल तर महिना दोन महिने खुशाल जाऊन राहा. पण इथलं छप्पर विकून, एफडी मोडून आणि मुलीचं लग्न टांगणीला लावून नको. कोयनेला धक्के का बसतात याचा शोधही शास्त्रज्ञ जमिनीतच घेत आहेत. धरणाचं पाणी साठायला लागल्यावर तिथले धक्के वाढले हे जगभर अभ्यासलं गेलंय. कराडला त्यासाठी केंद्राची प्रयोगशाळा आहे आणि गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन खालचा खडक तपासला गेला. पुढच्या वेळी गावाला जाल तेव्हा भाऊंना हे कुणीतरी जरूर सांगावं. लहानपणी घर पडलं त्याचं कारण त्यांना मिळालं पाहिजे.

मोबाइल हिसकावू नका. पहाटेचं काम द्या. गच्चीवर किंवा रस्त्यावर एक फेरी, दूध आणणं, मार्केटमधले जुने टोळीवाले कुठे भेटतात तिकडे चक्कर. सलग झोप नसणं, जेवण तुटणं, वस्तू वाटून टाकणं, ‘आता कशाला जगायचं’ असं बोलणं यातलं काही दिसलं तर मात्र थांबू नका. महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालेल. हे सगळं तुम्हीही वर्षभर एकटीने ओढताय.

हॉल बुक करा. भाऊंना विचारून, त्यांच्या हाताने ॲडव्हान्स देऊन.

राहिली नात. ‘आपण सगळे मरणार का’ या प्रश्नाला ‘गप झोप’ म्हणू नका. गप बसवलेल्या लेकराचं पुढे काय होतं ते तुमच्या घरात दिसतंच आहे. तिला सांगा, नाही, असा ग्रह येत नाहीये, आजोबांना एका गोष्टीची भीती वाटली होती आणि आता आपण सगळे मिळून ती तपासतोय. आजोबांची चेष्टा तिच्यासमोर कुणी करायची नाही, आणि तिच्यासमोर ते व्हिडिओ लावायचे नाहीत, हे भाऊंना तुम्ही प्रेमाने पण ठामपणे सांगा. नातीसाठी ते ऐकतील. मग येत्या अष्टमीला संध्याकाळी दोघांना वाशीच्या सागर विहारला पाठवा. पाऊणपटीचा हिशेब तिला आधी वहीत मांडू दे, पाणी किती वाजता पूर्ण चढतं ते आजोबांनी घड्याळात बघावं, आणि आकडा जुळला की नाही ते दोघांनी घरी येऊन तुम्हाला सांगावं.